सुलभाच्या उतारावरची फुलपाखरं

रविवार, १४ सप्टेंबर २००३, नाशिक

टेकडीवरची घाणेरी सुलभानं आणि मी मिळूनच उपटली, आपापल्या उतारावर रुईही बरोबरच लावली. तेरडासुद्धा दोघींकडे फुललाय. तरी नाहीशी झालेली केशरी फुलपाखरं परतली ती तिच्याच उतारावर! आज मुद्दाम दाखवायला घेऊन गेली. "तुझ्याकडे एकही नाही?" म्हणे. जीव नुसता जळला माझा. माझ्या रुईत काय कमी आहे?

घरी येऊन आईपुढे चडफडले. ती म्हणाली, "तुझ्या रुईला नावं नको ठेवूस. दर शनिवारी मारुतीला तिच्याच पानांचा हार नेते मी. अळ्या झटकून, स्वच्छ धुऊन."

अळ्या झटकून! म्हणजे फुलपाखरं माझ्याकडेही आली होती.

इतके दिवस सुलभाचा हेवा वाटायचा, आता मारुतीचाही वाटतोय.