मे महिन्यातली छाटणी

१९ जुलै

प्रिय ऑरिन,

तुम्ही सगळे खुशाल असालच. तू नेहमी खुशालच असतोस. आई बरी आहे. यंदा मक्याला पाऊस चांगला मिळाला.

गोठ्यामागचा ओक गेला. तुझी पोरगी शाळा संपवून बाहेर पडली म्हणून तू इथे पार्टी दिलीस आणि तंबू बसेना म्हणून ज्याच्या दोन फांद्या उतरवल्यास, तोच. पानं टोकाकडून तपकिरी होत सगळी गळली. विस्कॉन्सिनमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं, ओकला करवत लावायची ती बर्फ असताना. एप्रिल ते जुलै हात लावायचा नाही. ताज्या जखमेच्या वासावर किडे येतात आणि रोगाची बुरशी घेऊन येतात. पण शिकागोत बसून ऑफिसं विकणाऱ्याला कोण शिकवणार? "ताई, झाड आहे ते, पेशंट नाही," म्हणालास, आणि तुझे मेहुणे खिदळले.

काल जंगलखात्याचा माणूस आला. "कुठल्या शहाण्याने मे महिन्यात कापलं हे?" मी तुझं नाव सांगितलं. चवीने सांगितलं.

ओकांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, रोग त्यांतूनच पुढे सरकतो. म्हणून गुरुवारी मशीन येऊन खोल चर मारणार, मुळं तोडायला. चराच्या आतली झाडं गेलीच असं धरायचं. सात आहेत. त्यातला एक बाबांनी लावलेला. अजून हिरवागार आहे. आई दुपारी त्याच्याखालीच मटार सोलत बसते.

काल तिने विचारलं, "कापलेल्या जागी रंग का नाही गं फासला? वाऱ्याने फांदी मोडली तरी तुझे बाबा लगेच फासायचे."

"ऑरिनला कुठलं तेवढं डोकं!" मी म्हणाले.

रंगाचा डबा माझ्या हातात होता, ऑरिन. तू शिडीवरून उतरत होतास, मी डबा घेऊन निघाले होते. जखम झाकून टाकायची, दहा मिनिटांचं काम. तुम्ही हसलात आणि मी डबा परत फळीवर ठेवला. मरू दे, म्हटलं, म्हणजे कळेल याला. तू निदान अडाणी होतास. मला सगळं माहीत होतं.

मशीन सुरू होण्याआधी आईला सांगायचंय. तू ये. तुझं तू सांग, माझं मी सांगते. नाही आलास तर दोन्ही मीच सांगेन, आणि तुझ्या वाट्याला तिखटमीठ लावून.

तुझ्याहून जास्त दोषी, आणि तरी तुझ्यावरच चिडलेली,
सिग्ने