माझ्या दगडाला शेंदूर

मु. केळझर, जानेवारी १९५५

ती. आईला पद्माचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. तंबूत थंडी वाजते, पण तुझी वाकळ पुरते. बाबांचा खोकला थांबला का गं?

इथे श्रमदान शिबिराच्या नियमाप्रमाणे पहाटे खुरपं घेऊन टेकडीमागे जायचं, खड्डा करून बसायचं आणि वर माती लोटायची. तिथे पुन्हा कुणी खणू नये म्हणून खुणेला दगड ठेवतो.

परवा माझ्याच दगडाला शेंदूर! समोर गावातल्या रुख्माबाई हात जोडून बसलेल्या. त्यांच्या नातवाला जुलाब लागलेत. "काल हा गोटा इथं नोता, बाई. माय आपल्या पायानं आली," म्हणाल्या आणि तिथली माती पदरात बांधली, पोराच्या जिभेवर ठेवायला.

मी लाज सोडून सगळं सांगितलं. "मायची मस्करी करून राह्यली काय?" म्हणत त्या तरातरा निघून गेल्या. आमच्या डॉक्टरांनाही त्यांनी दार उघडलं नाही.

तो दगड मी लांब फेकून दिला. आज तिथे दुसरा दगड आहे, ताजा शेंदूर आहे, आणि भोवतालची माती कितीतरी बोटांनी उकरलेली आहे.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी पद्मा