पील, ताडपत्री आणि मायचं खापर

उधना, सुरत
दि. २४ एप्रिल २०२५

ती. सौ. सुंदराआक्का हिस,
धाकट्या उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर असतो. मग जे तुला कळतं ते आख्ख्या गल्लीला कळतं. रघुनाथची ट्रॅव्हल्स रोज सुरतहून अमळनेरला निघते, त्याच्याच हाती हे देतेय.

मी तोंडाला पील करून घेतलं, म्हणजे औषध लावून वरची कातडी काढून घेतली. घाबरू नकोस, डॉक्टरिणीकडे केलं. कारण असं की, ज्यांच्याकडे मी इतकी वर्षं साड्यांच्या घड्या घालते ते कुंदनशेठ आता मोबाइलवर लाइव्ह साड्या विकतात. जागृती नावाची पोरगी गुजरातीत आणि हिंदीत बोलते. महाराष्ट्रातल्या बायकांसाठी त्यांना मराठी बोलणारी हवी आहे. मालेगावच्या एका गिऱ्हाइकाशी मी बोलत होते, ते शेठनी ऐकलं आणि म्हणाले की मे महिन्यात उज्ज्वलाबेनने कॅमेऱ्यासमोर यावं. आक्का, घड्या घालून माझी पाठ गेली. हे काम मला हवंच आहे. पण दोन्ही गालांवर वांग! जागृतीच मला डॉक्टरिणीकडे घेऊन गेली.

आता तोंड वाळत घातलेल्या पापडासारखं ताठलंय. हसले की ओठांच्या कडेला चिरा पडतात. कातडी सोलतेय, पण ओढायची नाही. खाज सुटते, पण खाजवायचं नाही. साबण नाही, ऊन नाही, मलम मात्र थापायचं. सगळं नेमाने करतेय. त्रास तोंडाचा कमी आणि माणसांचा जास्त. नळावर गेले की जी ती विचारते, काय व्हयनं वं? तुझे मेहुणे भूपेंद्र पेपर वाचता वाचता माझ्याकडे बघतात आणि परत पेपरात तोंड घालतात. स्नेहा स्वतःच्या आईला मैत्रिणींसमोर वाळकं वांगं म्हणते.

अक्षय्य तृतीया, आपली अखाजी, तोंडावर आली. पुरणाचे मांडे मलाच करायचेत. चूल मागच्या ओट्यावर आहे आणि तिथे ऊन येतं. यांच्याकडून वर ताडपत्री बांधून घेणार आहे.

भाचरांना आशीर्वाद. तुझी माया आहे तशी राहू दे, माझं तोंड कसंही होवो.

तुझी,
उज्ज्वला

अमळनेर
दि. २७ एप्रिल २०२५

चि. सौ. उज्ज्वला हिस,
सुंदराचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग रागावले. देवाने दिलेलं तोंड सोलून घ्यायला पैसे देतात, हे या वयात कळलं. वांग मलाही आहे. बाळंतपणानंतर आला तो गेलाच नाही. मी कुणाच्या मोबाइलात जाणार नाही, म्हणून माझं चालतं.

रघुनाथकडे डबी पाठवलीय. घरची हळद आहे. सायीत कालवून रात्री लाव, डॉक्टरिणीला सांगायची गरज नाही.

मांड्यांचं मात्र हयगयीचं बोलू नकोस. पत्रात तुझा सूर मला बरा वाटला नाही, मलाच करायचेत म्हणे! मांडे भाजायचं मायचं मातीचं खापर तुझ्याकडे आहे. मी थोरली असून तिने ते तुला दिलं, कारण तुझा हात तिच्यासारखा पातळ चालतो. तुझ्या सासूबाई, आमच्या शांताबाई विहीणबाई, वर्षभर तुझ्या मांड्यांचं कौतुक सांगत फिरतात. तोंडाला मलम लावलंय म्हणून अखाजीला पोळ्यांवर भागवलं, तर बोल माहेराला लागेल. ताडपत्री बांधून घे, सावलीत बस आणि कर.

मोठ्या बहिणीचा राग धरायचा नसतो, एवढं लक्षात ठेवून लोभ ठेव.

तुझी,
आक्का

उधना, सुरत
दि. ७ मे २०२५

ती. आक्कास,
उज्ज्वलाचा नमस्कार. वि. वि.

माहेराला बोल लागला नाही. तो सगळा माझ्या तोंडाला लागला.

ताडपत्री बांधली. उन्हाचा कवडसासुद्धा आत येऊ दिला नाही. खालून चुलीचा जाळ, समोर तापलेलं खापर आणि वर ताडपत्री. धग जाणार कुठे? मांडा हातावर फिरवायचा, खापरावर टाकायचा, वाकून बघायचं, परत तेच. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या होत्या, त्यांनाही वाटायचे होते. मला वाटलं मी डॉक्टरिणीचं सगळं पाळलंय. उन्हात तर नाहीच बसले!

त्याच रात्री गाल भाजल्यासारखे लाल झाले. आता जिथे वांग होता तिथे त्याहून काळे डाग पडलेत आणि कपाळ कोरं होतं, तिथेही एक आलाय. डॉक्टरीण विचारत राहिली, उन्हात गेलात का, घासलं का, काही लावलं का. मी नाही नाही म्हणत राहिले. शेवटी खापराचं सांगितलं. तिला मांडे म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी हातवारे करून दाखवल्यावर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, नव्या कातडीला चुलीची धगही उन्हाइतकीच वाईट, आणि कागदावर तसं लिहिलं होतं. लिहिलं होतं खरं, गरमीपासून दूर राहा म्हणून. एप्रिलात सुरतेत ते वाचून मी काय समजणार? मी पंखा मोठा करून घेतला!

डाग जायला महिने लागतील. पावडर, रंग काही लावायचं नाही. शेठनी बघितलं आणि हवे शुं करवानुं, आता काय करायचं, म्हणून जागृतीच्या हातात मराठीचा कागद दिला. ती वाचणार, आणि मी तिच्या मागे घड्या घालणार. ज्यांनी मांडे खाल्ले त्यांतल्या एकानेही मला विचारलं नाही की तुझं काय झालं. सासूबाई म्हणाल्या, यंदा पुरण थोडं कमी गोड होतं.

तुझी डबी मी उघडलेली नाही. विचारू नकोस. रागात लिहितेय, तरी पाया पडते.

उज्ज्वला

अमळनेर
दि. १५ मे २०२५

चि. उज्ज्वला हिस,
आक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून भाकरी गोड लागत नाही. मांडे कर असं मीच लिहिलं होतं, ते मी नाकारत नाही. पण सगळा दोष माझ्यावर टाकू नकोस. धग लागत होती तर उठायचं होतंस.

काल सूनबाई वर्षाच्या मोबाइलवर तुमच्या शेठचं लाइव्ह पाहिलं. भजनाच्या बायकाही बसल्या होत्या. ती जागृती दिसायला गोड आहे. रंग वाचते, किंमत वाचते आणि हसते. मी वर्षाला लिहायला लावलं की ही विहिणीला आहेरात चालेल का. ती हसली. मग लिहिलं की पहिल्या धुण्यात काठ आकसेल का. ती परत हसली. मग आमच्या सगळ्याजणींनी लिहिलं की ज्या बाईला साडीतलं कळतं तिला पुढे आणा. खाली माझं नाव आणि गावही घालायला लावलं. हे तुला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण केलं.

तुझं तोंड कसंही असलं तरी माझं लक्ष तुझ्याकडेच आहे.

तुझी,
आक्का

उधना, सुरत
दि. २९ मे २०२५

ती. आक्कास,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

शेठनी मला विचारलं, अमळनेरच्या या सुंदरा कोण? मी ओळखत नाही म्हणाले. असा राग आला होता की खरंच ओळखावंसं वाटत नव्हतं.

तरी त्यांनी गुरुवारी बसायला सांगितलं. पावडर लावायची नाही हे मी आधीच बजावलं. तोंडावर फक्त उन्हाचं पांढरं मलम, त्याखालून डाग दिसतच होते. साडी उलगडली आणि पहिला प्रश्न आला की ताई, तोंडाला काय झालं. दुसराही तोच. मग मी पील, ताडपत्री, खापर सगळं सांगून टाकलं. बायका ऐकत बसल्या, साडी कुणी घेईना. कुणी काय लावलं, कुणाचा वांग कधी आला, हेच लिहीत राहिल्या. शेठ कॅमेऱ्यामागे हात हलवून थकले. शेवटी मी चिडले आणि म्हणाले, तोंड माझं आहे, बघायची साडी आहे, काठाकडे बघा. तेव्हा कुठे विक्री सुरू झाली. आता दर गुरुवारी बसायचं आहे, पण शेठनी तंबी दिलीय की तोंडाचं बोलायचं नाही. डाग तसेच आहेत. आरशात बघितलं की अजून डोकं फिरतं.

काल सासूबाईंनी कानबाईच्या सणाचा विषय काढला. श्रावणात मांडे होतील ना, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांना ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. भूपेंद्रांनी पेपर खाली ठेवला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही चुलीपुढे बसा, कसे करायचे ते मी दारातून सांगते. त्यांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि पेपर परत वर घेतला.

म्हणून मायचं खापर गोणपाटात नीट बांधून रघुनाथच्या गाडीने पाठवतेय. तू थोरली, ते तुझ्याकडेच शोभेल. शांताबाईंना श्रावणात मांडे लागतीलच, तेव्हा ते घेऊन इकडे ये आणि चुलीपुढे बस. ताडपत्री मी बांधून ठेवते. तुझी हळदीची डबी खापरातच ठेवलीय, नंतर तुझ्याच गालांना लागेल.

लोभ माझ्यावर आहे तसाच ठेव. खापर मात्र आता तू ठेव.

तुझी,
उज्ज्वला