लांब नाकाचा प्लग

मामंजी, आज बेंदूर. तुमचा ट्रॅक्टर बैलासारखे गोंडे बांधून मिरवणुकीला गेला एकदाचा. सकाळपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. तुमचा नातू म्हणाला होता, "आई, औंदा सुरू झाला न्हाई तर भंगारात घालतो. दारातली जागा अडवलीय नुसती." त्याला काय, त्याच्याकडं डिझेलचा नवा आहे. मला मात्र वाटत होतं, हा गेला तर तुमचा आवाजच गेला घरातनं.

लग्न होऊन पलूसला आले तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, ही आपल्या घराची रीत. चहा हवा असला तरी सोप्यातून आत्याबाईंना हाक, "सांग तिला." तुमचे चिरंजीव पलटणीत. मी बोलायचं कुणाशी, भिंतीशी? एकदा तुम्ही ट्रॅक्टरचे ठिणगीचे प्लग काढून पायरीवर ठेवलेले. मला मेलीला कामाची हौस! चिंच आणि राख घेऊन बसले आणि समया घासाव्यात तसे लख्ख करून ठेवले. तुम्ही आलात आणि कडाडलात, "आगं, पुसलंस कशाला? काजळी बघूनच कळतंय न्हवं, इंजनाचं काय दुखतंय ते!" मी रडकुंडीला आले. आत्याबाईंचा भाकरी थापता थापता हात थांबला. "आवं, सुनंसंगं बोललासा तुमी!" तुम्हीही चपापलात. पण तोंड उघडलंच होतं, मग शिकवायलाच बसलात.

पुढं तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा कराडच्या जुन्या बाजारात मला सोबत न्यायला लागलात. आत्याबाई करवादायच्या, "सुनंला भंगारात नेता व्हय?" तुम्ही म्हणायचा, "मग तू चल. तुला तरी कुठं दिसतंय?" ढिगातला प्लग उचलून तुम्ही बोटानं आटे चाचपायचा, जाड आट्याचाच आपला. मग मला विचारायचा, "पोरी, आतली चिनीमाती लांब हाय का आखूड?" ती चिनीमाती म्हणजे प्लगचं नाक. आपला ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्यायचा, म्हणून त्याला लांब नाकाचा; तो तापलेला राहतो, रॉकेलची काजळी जाळून टाकतो. आखूड नाकाचा पेट्रोलच्या गाडीला. अजून पाठ आहे मला.

काल एका प्लगची चिनीमाती तडकलेली निघाली. नातवानं मोबाईलवरनं मागवलेला नवा बसवला. आटे तस्सेच. पेट्रोलवर झकास सुरू झाला, रॉकेलवर घेतला की फडफडून बंद! काढून बघते तर काळाकुट्ट, ओला, आणि नाक आखूड. आज सकाळी तुमचा जुन्या प्लगांचा डबा उपसला, लांब नाकाचा शोधला आणि बसवला. रॉकेलवर घेतला तरी धडधडत राहिला. "आयला, आई!" म्हणाला पोरगा. बॉनेटवर पोळीचा नैवेद्य ठेवताना मला रडू आवरेना. तुमच्या त्या एका ओरडण्यानं मला या घरात बोलायला माणूस मिळालं, मामंजी. तुमच्या तोंडावर हे कधी म्हणाले नाही. हा कागद आता त्या डब्यातच ठेवते.

एक सांगते, हसू नका. तो तडकलेला प्लग तुमच्या हातचा होता, तुम्ही गेल्यापासून कुणी काढला नव्हता. त्यावर तुमच्या नांगरटीची थोडी तरी काजळी असेलच. पोरगा म्हणाला, "घासून ठेवू?" मी खेकसले त्याच्यावर. देवघरात ठेवलाय मी तो, न पुसता.