बिनइंजिनाची गाडी

९ सप्टेंबर, मंगळवार
कंपनीची विजेची गाडी आज टीव्हीवर आली. आमचे वि. साडेदहापासून इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर, जणू ह्यांनाच स्टेजवर बोलावणार आहेत. चौतीस वर्षं त्याच कंपनीत इंजिन टेस्टिंगला काढली, तेव्हा एवढा मान राखायलाच हवा. आधी ढोल, मग अंधार, मग भरपूर धूर.
"धूर कशाला सोडलाय? हिला तर धूरच नाही ना?" इति वि.
धुरातून गाडी आली. धड मोटार नाही, धड जीप नाही. उंच, पण नाजूक. पुढे जाळी नाही, नुसता सपाट चेहरा. शाळेतल्या सिस्टर क्लारा चष्मा काढून डोळे पुसायच्या तेव्हा अशाच दिसायच्या, अनोळखी आणि जरा केविलवाण्या. रंग सुरेख, मोरपंखी. मी तसं म्हटलं, तर टीव्ही बंद.
जेवताना एकच वाक्य: "बॉनेट उघडून दाखवलं नाही त्यांनी. लक्षात आलं का तुझ्या?"

१० सप्टें., बुध.
इंजिन शॉपच्या निवृत्त मंडळींचा ग्रुप सकाळपासून पेटलाय. कोणी लिहिलंय, मिक्सरला चाकं लावली. कोणी, आता गाडी बिघडली की वायरमनला बोलवा. थोपटे फोरमन, मांजरी गावचे, वीस वर्षं वि.च्या हाताखाली होते, त्यांनी बोलूनच पाठवलं: "साहेब, इंजिनच नाय हाय, तर आपण एवढी वर्षं काय केलं हो? गवत उपाटलं?" फोनचा आवाज इतका मोठा की समोरच्या जोशीबाई दार उघडून बघून गेल्या.
दुपारी वि.नी कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजीत, सात मुद्दे. मी कॉन्व्हेंटची म्हणून व्याकरण माझ्याकडे. सहावा मुद्दा असा की जी गाडी बोलत नाही ती चालवणाऱ्याला काही सांगूही शकत नाही. वाचून मला कसंतरीच झालं. कारण गणपतीपासून आपली गाडी बोलतेय, आणि
दूध उतू गेलं.

१३ सप्टें., शनि.
मुक्ताचा बाणेरहून फोन. आपल्या डिझेलला डिसेंबरात पंधरा वर्षं होतात, बाबांना एकदा नवी चालवून तर बघू दे.
वि.: "पितृपक्षात नवी गाडी बघत नाहीत."
हे कधीपासून? ह्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला 'जरा लवकर आटपा, शिफ्ट आहे' असं गुरुजींना सांगणारा हा माणूस.
मुक्ता मला हळूच म्हणाली, "आई, बाबा मला तीनदा 'हो हो' म्हणाले. मी प्रश्न विचारला होता."

१७ सप्टें., बुध.
लिहून टाकते. घरात कोणाला सांगता येत नाही.
आपल्या गाडीच्या इंजिनातून टिक-टिक येते. थंड असताना जास्त. बावीस वर्षांपूर्वी शेजारच्यांची स्कूटर तिसऱ्या मजल्यावरून ऐकून 'व्हॉल्व्ह सैल आहे' सांगणारे वि. आज बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "मखमल आहे अजून. मखमल." मी हसून मान डोलावली.
कंपनीत ह्यांचं नाव 'कान' होतं. "कानाला विचारा" असं म्हणायचे सगळे. मोठे साहेबसुद्धा.
धायरी फाट्यावर मागच्या ट्रकने चारदा हॉर्न वाजवला. वि. निवांत. मी "अहो" म्हणून हात धरला तेव्हा बाजूला घेतली. मला म्हणाले, किती दचकतेस तू हल्ली!

१९ सप्टें., शुक्र.
मुक्ताने कानाच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला. फोनमध्ये 'साड्यांना पिको' या नावाने ठेवलाय. सिस्टर क्लारांनी ह्याबद्दल शंभर ओळी लिहायला लावल्या असत्या.

२३ सप्टें., मंगळ.
घट बसले, सबबी संपल्या. शोरूमला गेलो. प्राजक्ता नावाची मुलगी होती, गोड, पंचविशीची. वि.ना 'काका' म्हणाली तेव्हाच मला पुढचं दिसलं.
"बॉनेट उघडा," वि.
तिने उघडलं. आत प्लास्टिकचा मोठा ट्रे. रिकामा. वि. वाकून बघत राहिले, विहिरीत बघावं तसे.
"इथे तुम्ही सामान ठेवू शकता काका. डबा वगैरे."
"डबा," वि. म्हणाले. "वा."
मग चालवायला बसले. आरसा, सीट, पट्टा, सगळं शिस्तीत. बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी मागे. प्राजक्ता शेजारी. एक मिनिट गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं.
"काका, गाडी चालू आहे."
"माहीत आहे. गरम होऊ देतोय."
"काका, हिच्यात गरम होण्यासारखं—"
"बेटा, थंड गाडी हलवायची नाही. दोन मिनिटं."
अख्खी दोन मिनिटं आम्ही तिघं त्या गाडीत गप्प बसलो. तिने नखं पाहिली. मी दीपस्तंभासारखी ताठ. ह्या माणसाने लग्नानंतर महाबळेश्वरला निघतानासुद्धा मला अशीच दोन मिनिटं बसवून ठेवली होती, नव्या साडीत, भर उन्हात. तेव्हा चिडले होते. आज का कोण जाणे, ती दोन मिनिटं संपू नयेत असं वाटलं.
मग गाडी हलली, आणि ती गाऊ लागली. खरंच. हळू चालताना एकच स्वर, लांबून शाळेच्या चॅपेलमधला ऑर्गन ऐकू यावा तसा. सिस्टर क्लारा आम्हाला पियानोकडे पाठ करून उभं करायच्या आणि स्वर ओळखायला लावायच्या. फा. नक्की फा, म्हणजे आपल्याकडचा म.
"पायी चालणाऱ्यांना कळावं म्हणून हा आवाज दिलाय," प्राजक्ता म्हणाली.
"कुठला आवाज?" वि.
"हा आत्ता येतोय तो, काका."
वि.नी मान तिरकी केली. कंपनीत करायचे तशीच. भुवया आवळल्या. काही नाही. मला आरशात त्यांचे डोळे दिसले.
"मलापण नाही येत हो," मी म्हटलं. "ट्रॅफिकच केवढा आहे."
ट्रॅफिक नव्हता. प्राजक्ता शहाणी, तिने पुढचं वळण दाखवलं.
घरी आलो. जिन्यात वि. म्हणाले, "गाडी वाईट नाही." आणि पुढे, "मुकी आहे, एवढंच."

२४ सप्टें., बुध.
'पिको'ला फोन केला नाही. खोटं बोलले त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते असं, की उद्या ट्रकचा हॉर्न...

२७ सप्टें., शनि.
सकाळी पार्किंगमध्ये पाहिलं. वि. बॉनेट उघडून, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावून उभे. पूर्वी नव्या पोरांना शिकवताना करायचे असं, आवाज हाडातूनही ऐकू येतो हे दाखवायला, गंमत म्हणून. स्वतःला कधी गरज लागायची नाही. मी हाक न मारता वर आले. किती दिवसांपासून हे चाललंय?

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
हत्यारांची पूजा. पान्यांचा संच, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर. दरवर्षी स्क्रू ड्रायव्हर कडेला असतो. यंदा वि.नी स्वतः मधोमध ठेवला. हळदकुंकू त्यालाच आधी. शिरा गोड झाला होता.

२ ऑक्टो., गुरु., दसरा
साडेनऊला खाली गलका. थोपटे आले, नवी मोरपंखी गाडी घेऊन! सोबत झेंडूचा हार.
"वहिनी, काय सांगू. पोरानं आधीच नोंदवली हुती. मला कालच कळलं."
"गवत उपटायला जाताना न्या आता," वि. म्हणाले. थोपटे इतके हसले की त्यांना ठसका लागला.
मग विचारलं, "साहेब, हार कुठं घालायचा आत? इंजिनाला घालतो की आपण." बॉनेट उघडलं. ट्रेमध्ये मांजरीच्या उसाची कांडकी आणि पेढे. वि.नी पेढ्यांच्या खोक्याला हार घातला. थोपट्यांनी तिथेच गाडीला नमस्कार केला.
थोपटे पार्किंगमध्ये हळू चक्कर मारू लागले. वि. माझ्याजवळ आले.
"कुठला स्वर आहे?"
"कसला हो?"
"खरं सांग. त्या दिवशी त्या मुलीला खोटं सांगितलंस. तुझा चेहरा ऑर्गन ऐकताना होतो तसा झाला होता. मी आरशात बघत होतो."
"फा," मी म्हटलं.
"बदलतो?"
"वेग वाढला की चढतो. मग नाहीसा होतो."
त्यांनी मान हलवली. मग मला आपल्या गाडीपाशी नेलं, सुरू केली. दोन मिनिटं उभे राहिलो.
"आता हिचं सांग."
सांगितलं. टिक-टिक. थंड असताना जास्त. डाव्या बाजूने.
"कधीपासून?"
"गणपतीपासून."
खिशातून जुनी टेस्टिंगची वही निघाली. तारीख, गाडी, तक्रार, सगळं नीट लिहिलं. 'ऐकणार' असा एक रकाना आहे. चौतीस वर्षं त्यात एकच सही. आज तिथे माझं नाव घातलं, माहेरच्या आडनावासकट. आडनाव आता ते नाही, हे मला सांगवेना.
थोपटे गेल्यावर जेवणाच्या टेबलाशी धीर केला. "अहो, सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या? मी येते बरोबर."
श्रीखंड खात राहिले. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. वि. उठले. देवापुढचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, हळदकुंकू लागलेला. टोक अलगद माझ्या खांद्याच्या हाडावर टेकवलं, मूठ कानामागे लावली, आणि डोळे मिटून मान तिरकी केली.
"हं. आता बोल."
मी पुन्हा बोलले. सगळं, सावकाश.
अजून तसेच उभे आहेत. मी एका हाताने हे लिहितेय.