लाल शाईतली वाक्यं

३ जून, सोमवार
आज अलोन आणि लोनली. अलोन म्हणजे सोबत कुणी नाही, लोनली म्हणजे ते सलतं. दोन शब्दांना ह्यांनी पानभर वाक्यं दिलीत. हे गेल्यापासून ह्यांच्या वहीतलं एक पान रोज वाचते. तिसरी फेरी चालू आहे.

ह्यांची इंग्रजीची शिकवणी पुढच्या खोलीत चालायची. वाळूजच्या कंपन्यांतली पोरंपोरी सातला यायची. आता सात वाजतात आणि दारात कुणी चपला काढत नाही.

पुण्याहून शिवराजचा फोन. "आई, खोली भाड्यानं देऊन टाक. पंधरा तारखेला माणूस बघायला येईल. वह्या रद्दीत घाल." मी बरं म्हणाले. पोटचा पोरगा, काय बोलायचं.

५ जून
बोअर्ड आणि बोअरिंग. लाल वाक्य पाठ केलं. निळी सोडते. कॅलेंडरवर लाल तारीख सणाची असते, ह्यांनीही मोलाचं तेवढं लाल केलं असणार. लाल वाक्यांशेजारी बारीक अक्षरं आहेत — मे., कृ., सु. अर्थ लागत नाही.

८ जून, शनिवार
मेघा आली. ह्यांच्याकडं शिकलेली. सोमवारी कंपनीत बढतीची मुलाखत आहे तिची. "काकू, सरांची वही द्या ना दोन दिवस." वही घराबाहेर जाणार नाही, मी म्हणाले, इथंच बसून वाच. चहा ठेवला. पाठ केलेलं लाल वाक्य ऐटीत म्हणून दाखवलं — आय ॲम व्हेरी बोअरिंग टुडे.

मेघाला ठसका लागला. "अवं काकू, तुम्हीच कंटाळवाण्या, असं झालं ते. कंटाळा आला तर बोअर्ड. लाल शाईत आमच्या चुका हायेत. शेजारी ज्याची चूक त्याचं नाव. सर त्यालाच उभं करून वाचायला लावायचे. मे. म्हणजे मीच की."

इतके दिवस मी चुका पाठ केल्या! दोघी हसलो. ह्या घरात फार दिवसांनी.

"कृ. म्हणजे कृष्णा," ती पान उलटत म्हणाली. "पण सु. कोण? आमच्यात सु. कुणीच नव्हतं."

मी कप विसळायला उठले.

९ जून
सु. एकवीस वेळा आहे.

शिकवणी चालू असताना भाकरी थापता थापता मी आतून मोठ्यानं इंग्रजी वाक्यं म्हणायचे. पोरं हसायची. हे काहीच बोलायचे नाहीत. मला वाटायचं, ऐकतच नाहीत. सगळं लिहून ठेवलंय. सुलेखाचं, माझं सु. खाली निळ्या शाईत बरोबर वाक्य.

पोरांना उभं करायचे. मला कधी केलं नाही. का, ते आता कुणाला विचारू.

१२ जून
मेघाची बढती हुकली. फोनवर आवाज बारीक. "बोलताना चुकले, काकू. आता कुणी उभं करून सांगत पण नाय."

शिवराजला फोन लावला. त्या माणसाला येऊ नको म्हण, म्हणाले. तो चिडला. चिडू दे. मेघाला सांगितलं, उद्या सातला ये, आणखी कुणी असेल तर घेऊन ये.

१३ जून
सातला दारात तीन जोड चपला. मी फळ्यावर लाल खडूनं माझं वाक्य लिहिलं, शेजारी सु., आणि चटईवर जाऊन बसले.

"सु. कोण?" मेघानं विचारलं.

मी उभी राहिले.