गणपाची हाक

मानवत, मंगळवार, दिवेलागणीनंतर

पाठ भरून आलीय, तरी लिहितो. आज गणपा दारात आला. त्याच्याच संगतीनं मी स्टेशनातल्या मालगाड्या फोडायचो. पोलिसांच्या अमिनाच्या, म्हणजे फौजदाराच्या, हाती मी सापडलो, तो निसटला. आता त्याला चोरीच्या कामाला निवृत्ती हवाय. निवृत्ती धनगराचा पोरगा, मेंढरं रोगानं मेल्यापासून गावात भटकायचा. जेलात शिकलेलं सतरंजीचं काम मी त्याला शिकवतोय.

सकाळपासून निवृत्तीचं कामात चित्त नव्हतं. सतरंजीचा पट्टा वाकडा गेला. उसवला, पुन्हा वाकडाच. संध्याकाळी धागा हातात धरून त्यानं विचारलं, "मामा, जेलात तुमी रडलात का?"

काय सांगायचं? बढाई मारावी की भीती घालावी? खरं तेच सांगितलं. "मारानं न्हाई रडलो. माय भेटायला आली आन तिनं मला वळखलंच न्हाई. तव्हा लय रडलो."

तेवढ्यात बाहेरून गणपाची हाक आली. निवृत्ती उठला. मी अडवलं नाही, वाकड्या पट्ट्याकडं बघत बसलो. का अडवलं नाही? दमलो होतो म्हणून? की धरून ठेवलेलं पोर टिकत नाही म्हणून?

दारातून त्याचा आवाज आला, "मी येत न्हाई. काम करायलोय."

"त्या कैद्यापाशी काय शिकायलायस?" गणपा म्हणाला.

"सतरंजी," एवढं बोलून निवृत्ती आत आला, दार लावलं.

शाबासकी द्यायचंही मला सुचलं नाही. अर्धी भाकर त्याच्याकडं सरकवली. दोघं जेवलो.